बहीण न्हाई म्हणायची न्हाई

शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांना मी पार विटले होते. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकीणबाईंचा चेहरा बदलायचा आणि आम्ही टेम्पोवाल्याचा नंबर शोधायचो. भिंतीला खिळा मारायचा तरी परवानगी. शेवटी ठरवलं, दीड गुंठा का होईना, आपल्या मालकीचा घ्यायचा.

नवऱ्याच्या ओळखीचे एक एजंट होते. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांनी हायवेपासून आत एक जागा दाखवली.

"मामा, एन.ए. झालंय का?"

"झाल्यातच जमा हाय."

"आणि रस्ता?"

"ह्यो काय, आपण हुबं हाय त्योच की."

आम्ही शेजाऱ्याच्या झेंडूच्या बांधावर उभे होतो. हा माणूस एका तरी प्रश्नाचं सरळ उत्तर देईल तर शपथ.

कागद घेऊन मी शिरूरच्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "एन.ए. आणि रस्त्याचं नंतर बघू. सातबाऱ्यावर जमीनमालकाच्या बहिणीचंही नाव आहे. आधी त्यांची संमती आणा."

मालकाला सांगितलं, तर तो हसला. "ती न्हाई म्हणायची न्हाई."

"विचारलंत का?"

"बहिणीला काय इचारायचं? दर दिवाळीला साडी नेतोय की."

मामांनीही मान डोलावली. जेव्हा फोन करावा तेव्हा हेच. बहीण नाही म्हणणार नव्हती आणि सही काही येत नव्हती. या दोघांच्या भरवशावर राहिले तर जन्म भाड्यात जाईल, असं म्हणून वकिलांकडून संमतीपत्र लिहून घेतलं आणि मीच कवठे येमाईला, बहिणीच्या सासरी गेले.

बाई ओट्यावर कांदे निवडत होत्या. त्यांनी बसायला दिलं, चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं. भाऊ जमीन विकतोय हे त्यांना माझ्याकडूनच कळत होतं. मला त्या भावाचा असा संताप आला की मी बोलून गेले, "कसे हो हे भाऊ, बहिणीला साधं विचारतसुद्धा नाहीत."

"तुमचं म्हायेर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"पाटस."

"जिमीन हाय?"

"आहे. ऊस असतो."

"तुम्ही दिली का सही भावाला?"

दिली होती. लग्नानंतर भावाने दौंडला नेऊन हक्कसोडपत्र करून घेतलं आणि येताना रसवंतीवर रस पाजला. मी ते वाचलंही नव्हतं, उलट भाऊ किती माया करतो म्हणून सासरी कौतुकाने सांगितलं होतं.

"दिली," मी म्हणाले.

बाईंनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली. आवाज जराही चढला नाही. "मंग दुसऱ्याच्या बहिणीकडं कशाला आलाय? तुमचं घर तिथंच बांधायचं हुतं की."

मी चहा प्याले. पिशवीतलं संमतीपत्र बाहेर काढायचं माझं धाडस झालं नाही, आणि प्लॉट तिथेच सुटला.