घरी मीच सांगीन

"मॅडम, घरी फोन गेला तर मी ट्रीटमेंट सोडून निघून जाईन," भास्कर म्हणाला. मी त्याला सलाइन लावत होते. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मी नर्सिंग ऑफिसर, रँक मेजर. मला वॉर्डात कोणी धमकी देत नसे. मी म्हटलं, "निघ की. गेटपर्यंत तरी पोचतोस का बघते."

तो हसला नाही. ब्लड कॅन्सर, वय तिशीच्या आत. त्याचं गाव वैशाखऱ्याच्या वरची वाडी, माझं माहेर तिथून जवळच, धसई. हे कळल्यावर मॅडमची ताई झाली आणि खरं कारण बाहेर पडलं.

"ताई, आमच्या वाडीत रेंज फक्त शाळेच्या वळचणीला. सगळ्यांचे फोन तिथंच खिळ्याला टांगलेले. हातात घेतला का रेंज जाते, म्हणून स्पीकरवर बोलायचं. जो जवळ असेल तो फोन घेतो नि निरोप आरडून सांगतो. माझ्या बायकोला माझा कॅन्सर असा कळायला नको. केमो संपली का सुट्टी घेऊन जातो. घरी मीच सांगीन."

आजाराची माहिती कोणाला आणि कशी कळवायची, याची विनंती पेशंटला करता येते. त्याने केली. मी ती घेऊन कर्नल साहेबांकडे गेले. ते आमचे कॅन्सरचे डॉक्टर.

"ठीक है मेजर. लेकिन डीआयएल लगा तो रुकूंगा नहीं."

डीआयएल म्हणजे डेंजरसली इल लिस्ट. जवान दगावण्याची भीती असेल तर त्याचं नाव त्यात चढतं आणि घरी लगेच कळवावंच लागतं. तिथे कोणाची विनंती चालत नाही. आणि ते बरोबरच आहे.

केमोने त्याच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, इन्फेक्शन झालं, ताप हटेना. नाव चढलं.

"फोन मी करते, सर. आजाराचं नाव घेणार नाही. बायकोला फक्त बोलावून घेते."

"करो."

फोन एका म्हाताऱ्याने घेतला.

"हिराला बोलवा. भास्करच्या बायकोला."

"निरोप सांगा ना, मी आरडतो."

"निरोप तिलाच सांगायचाय. मिलिटरी हॉस्पिटलमधून बोलतेय."

तो वाडीकडे वळला. मग ओरडला, "हिरा! मिल्ट्रीतून फोन हाय! बाई काय सांगत नाय गो!"

तिथेच सगळं फिसकटलं. निरोप न सांगणारा फोन त्या वाडीत कधी आलाच नव्हता. आला, म्हणजे त्यांच्या लेखी एकच अर्थ. हिरा शेतातून येईपर्यंत बायांचं रडणं मला ऐकू यायला लागलं. एवढी जपलेली गोपनीयता, तिनेच दवंडी पिटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई," हिराला धाप लागली होती. "गेले का?"

"नाय गो! आहेत. आजारी आहेत. तू आजच निघ."

"मग ही सगळी रडतात कशाला?"

काय सांगणार, कपाळ? "तू ये, बाई," एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती दिराबरोबर आली. साहेबांनी नियमाप्रमाणे तिला बाजूला बसवून सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि आत गेली.

भास्करने आधी माझ्याकडेच बघितलं. "हिला कोणी सांगितलं?"

"मला कोनी काय नाय सांगितलं," हिरा म्हणाली. "तुमीच सांगा ना, काय झालंय?"

त्याने सांगितलं. दम घेत, अडखळत. ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत होती, मध्येमध्ये "हां, मग?" म्हणत होती. मला रडू आवरेना. मी उगाच सलाइनच्या नळीशी खटपट करत राहिले. त्याच आठवड्यात तो गेला.

मी आता रिटायर होऊन शहापूरला राहते. नव्या सिस्टर सल्ला विचारतात, तेव्हा एक सांगते. फोनवर "सांगता येणार नाही" असं कधी म्हणू नका. काहीतरी साधा निरोप द्या, लपवायचं ते त्याच्या मागे राहतं. एवढं शिकवता येतं. हिरासारखं खोटं बोलणं मात्र कोणाला शिकवता येत नाही.