शेवटच्या पानावरचा खुलासा

‘‘भाऊजी, सकाळी चहा मागितला आणि कप हातात द्यायच्या आत गेले,’’ एवढंच नलूवहिनी फोनवर म्हणाल्या. मी ‘निघालोच’ म्हणालो. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की सुधाकर आता मला काही विचारणार नाही. सुटल्यासारखं वाटलं... कॉलेजपासूनचा मित्र गेला आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

शोकसभा कोथरूडला, त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. जो उठला तो एकच सांगत होता: सुधाकररावांनी असह्य वेदना निव्वळ ध्यानाच्या बळावर जिंकली, ना औषध, ना यंत्र. एकाने तर माझा जुना लेखच वाचून दाखवला. पुढच्या रांगेत बसलेल्या, एके काळी सुधाकरकडे ध्यान शिकायला येणाऱ्या वैशालीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या हॉलमध्ये वहिनींखेरीज खरं माहीत असलेली आम्ही दोघंच. तिने नजर हटवली नाही. मला बोलायला बोलावलं तेव्हा घसा बसल्याचं मी खुणेने सांगितलं.

तेव्हा आता लिहून सांगतो. सुधाकर पिंपरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होता. उदारीकरणानंतर कारखाने माणसं कमी करू लागले, स्वेच्छानिवृत्तीची पाकिटं हातात पडू लागली, त्या धामधुमीत तो शिडीवरून पडला. कंबरेतली नस दबली. डाव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत जळत जायचं. ऑपरेशननेही फरक पडेना, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्याच्या कंबरेला तळहाताएवढी एक डबी लावली. डबीतून वायरी निघायच्या, त्यांच्या टोकांच्या पट्ट्या पाठीला चिकटवायच्या. सौम्य करंट नसांना मुंग्या आणायचा आणि कळ बोथट व्हायची. ‘‘जन्मभर लोकांना शॉकपासून वाचवलं,’’ तो म्हणायचा, ‘‘आता चांगले पैसे मोजून स्वतः घेतोय.’’ बाईंनी व्यायाम दिले आणि रोज ध्यानाला बसायलाही सांगितलं. आधी त्याने नाक मुरडलं. मग एकदा म्हणाला, ‘‘अरव्या, मशीन टीव्हीचा आवाज कमी करतं, आणि ध्यानाने मला कळतं की घरात टीव्हीखेरीज आणखीही काही आहे. दोघांपैकी एकट्या कुणालाच जमत नाही.’’ काही महिन्यांनी तो काठी टाकून चालू लागला.

मी तेव्हा एका वृत्तपत्राची रविवार पुरवणी पाहत असे. त्याच्यावर लेख लिहिला. तो जे बोलला ते सगळं पहिल्या खर्ड्यात होतं. वाचताना मला वाटलं, पट्ट्या आणि वायरी आल्या की लेख दवाखान्यात जातो. मी डबी काढून टाकली. व्यायामही गेले. उरलं ध्यान. लेख झकास झाला. रविवारी सकाळी सुधाकरचा फोन आला. ‘‘लेखात मी आहे, ध्यान आहे. मशीन रजेवर आहे का?’’ मी हसलो. तो हसला नाही.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. लोक त्याच्या दारात येऊ लागले. हिंजवडीची नवी नोकरदार मुलं, मान आणि पाठ धरलेली. शांत बसायला शिकवल्याने त्यांना बरं वाटायचं, हेही खरंच होतं, म्हणून तो हॉलमध्ये वर्ग घेऊ लागला. ‘‘पण मशीनचंही सांगणार,’’ तो म्हणाला. मी म्हणालो, ‘‘लेखावर माझं नाव आहे रे. आणि वर्गात तरी लावू नकोस, सदऱ्याखालून वायरी दिसतात.’’ त्याने माझं ऐकलं. मैत्रीत माणूस काय काय ऐकतो! एकदा मी मागच्या रांगेत बसलो होतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे तेवढे उघडे. समोर सुधाकर ताठ. ओठावर घाम, कानशिलाजवळची शीर उडत होती, डाव्या पायाचा अंगठा आत वळत चालला होता. शेजारच्या बाई मागाहून म्हणाल्या, ‘‘काय स्थिरता हो!’’ तो स्थिर नव्हता, कळ दाबून बसला होता. मध्येच त्याने डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं... मी चटकन डोळे मिटून घेतले.

त्याच दिवशी वर्ग सुटल्यावर वैशाली त्याच्यापाशी आली. यवतमाळहून आयटीतल्या नोकरीला आलेली मुलगी. मानेतली नस दबलेली. ‘‘काका, मी ते करंट, व्यायाम, सगळं बंद करून टाकलं. आता तुमच्यासारखं फक्त ध्यान. तो लेख वाचला ना मी.’’

‘‘हात कसा आहे?’’ सुधाकरने विचारलं.

‘‘कप सुटून जाते कधी कधी. पण श्रद्धा ठेवून आहे मी.’’

सुधाकरने पिशवीतून डबी काढली, माझ्यादेखत सदरा वर केला आणि तिच्याकडे पाठ फिरवली. पट्ट्यांनी कातडीवर चौकोनी डाग पडले होते. ‘‘ही माझी श्रद्धा. सेलवर चालते. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. ध्यान सोडायचं नाही, पण आधी डॉक्टर.’’ ती गेल्यावर तो माझ्याकडे वळला. ‘‘हिला मी सांगितलं. बाकीच्यांना तू सांग. खुलासा छाप.’’

‘‘पुढच्या रविवारी,’’ मी म्हणालो.

वैशालीचा हात वेळेत सावरला. सुधाकरने वर्ग बंद केला. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, म्हणे साधना एकांतात गेली. खुलासा मी लिहायला घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. पुरवणी सुटली, मी निवृत्त झालो. सुधाकरने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मी त्याला क्षमा समजत राहिलो.

शोकसभेनंतर वहिनींकडे गेलो. त्याच्या खुर्चीच्या हाताला डबी अजून अडकवलेली होती, वायरी नीट गुंडाळून. ‘‘एक विचारू, भाऊजी?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘रविवारचा अंक हे कायम मागून उघडायचे. शेवटचं पान खालपर्यंत बघायचे, मग पहिलं. का हो?’’

आमच्या पुरवणीत खुलासे शेवटच्या पानावर, तळाशी यायचे. मी वहिनींना सांगितलं. त्या डबीवरची धूळ पदराने पुसत राहिल्या.

पुरवणीच्या आताच्या संपादकबाई हा लेख पहिल्या पानावर घ्यायला तयार होत्या. मी शेवटचं पान मागून घेतलं.