अनोळखी माणसालाही जमेल असं

तिला सगळे कॉम्प्रेसरबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकोणीस वर्षं एकाच कोल्ड स्टोरेजच्या मशीन रूममध्ये काढल्यावर माणसाला असलंच काहीतरी आवडायला लागतं, त्याला काय करणार?

मेकॅनिकलची पदवी घेऊन ती पहिल्या दिवशी आली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला ऑफिसातली खुर्ची दाखवली होती. ती खुर्चीत बसली नाही. सरळ मशीन रूममध्ये गेली आणि तिथल्या सगळ्यात जुन्या फिटरच्या शेजारी जाऊन उभी राहिली. या फिटरला सगळे डॉक्टर म्हणायचे. पदवी-बिदवी काही नव्हती, शाळासुद्धा अर्धवट. पण वीतभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवून, मूठ कानाला लावून, डोळे मिटून तो उभा राहिला, की खोलीतलं कुणी हूं की चूं करायचं नाही. मग डोळे उघडून तो निदान सांगायचा. "दोन नंबरला कफ झालाय." "तीन नंबरचे सांधे धरलेत." आणि खोलून बघावं तर खरंच तिथेच दुखणं असायचं.

त्यानं तिला शिकवलं. पोरी, पोरी म्हणत, चुकली तर शिव्या घालत, पण शिकवलं. ती त्याला काका म्हणायची. नुसतं म्हणायचं म्हणून नाही. तिच्या बाळंतपणात डबा घेऊन दवाखान्यात आलेला कंपनीतला तो एकटाच माणूस होता.

डॉक्टरचा एक नियम होता आणि तो सगळी मशीन रूम पाळायची. काही लिहायचं नाही. शिफ्टच्या नोंदवहीत रोज एकच शब्द पडायचा, "ठीक". पाइप फुटून पळापळ झाली असली तरी "ठीक". साहेब लोक चिडायचे, नवीन वह्या द्यायचे, त्यात रकाने आखून द्यायचे, आणि प्रत्येक रकान्यात "ठीक" यायचं. "कागदावर गेलं की ते साहेबाचं," डॉक्टर म्हणायचा. "डोक्यात आहे तोवर साहेबाला आपल्याशी गोडीनं बोलावं लागतं." बाई हसायची. शिकलेली होती ना. आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांना असल्या गोष्टींचं हसूच येतं.

चव्वेचाळिसावं लागलं आणि गुडघे कुरकुरायला लागले. डाव्या कानात सारखी शिट्टी वाजायची. त्याच सुमाराला मशीन रूमच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली बांधायला घेतली. सगळं आता कॉम्प्युटरवर चालणार म्हणे, कंट्रोल रूम. तिथे एक मुख्य इंजिनियर लागणार. बाई साहेबांना जाऊन भेटली. साहेबांनी चहा मागवला. इथेच तिनं सावध व्हायला हवं होतं, कारण अठरा वर्षांत त्या माणसानं तिला चहा विचारला नव्हता.

"बाई, तुम्ही पडलात मेकॅनिकलच्या," साहेब म्हणाले. "वर कंट्रोलचा माणूस लागणार. पण ते पीजी सर्टिफिकेट असतं ना, इंजिनियरांसाठी? वर्षभराचं? ते करून आणा. खुर्ची तुमचीच."

"लेखी मिळेल?"

"अहो, घरातल्या घरात कसलं लेखी?"

घरातल्या घरात! या शब्दावर ती भुलली, दुसरं काही नाही.

तर बाई पुन्हा विद्यार्थिनी झाली. शनिवार-रविवार वर्ग, घरच्या कॉम्प्युटरवर. पडद्यावर चौकोनात चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक दमलेला इंजिनियर. कुणी पूल बांधून कंटाळलेला, कुणाची लिफ्टची कंपनी बुडालेली. वयानं ती सगळ्यात मोठी. पहिल्या दिवशी तिनं पाच मिनिटं उत्तर दिलं आणि शेवटी लेक मागून म्हणाली, "आई, तुझा माइक बंद आहे." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान रविवारी उघडं, म्हणून स्वयंपाकघर सासूबाईंच्या गळ्यात पडलं. त्या भांडी आपटत म्हणायच्या, "सुनेची परीक्षा आणि सासू नापास." पण चहा मात्र वेळेवर टेबलावर यायचा, बशी झाकून. डबा खायच्या सुट्टीत बाई जाड जॅकेटं बदलायच्या खोलीत बाकावर पुस्तक उघडून बसायची. डॉक्टर डोकावून जायचा. "काय पोरी, झालीस का मोठी?" त्याला अभिमान होता. तो चारचौघांत सांगायचा, आमची पोरगी वर काचेत बसणार.

हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकताना ते लक्षात असायला हवं.

शेवटच्या सत्रात प्रकल्प होता. आपल्या कामाच्या जागेचं कार्यपुस्तक लिहायचं. मशीन कसं चालू करायचं, कसं बंद करायचं, काय बिघडतं, बिघडलं की काय करायचं, सगळं. म्हणजे त्यावरून कंट्रोलची आखणी करता येते. सरांची सूचना एका ओळीची होती: अनोळखी माणसालाही जमेल असं लिहा.

बाईनं पहिल्यांदा लिहिलं ते जपून. मशीनवरच्या पाट्यांवर जेवढं छापलेलं असतं तेवढंच. डॉक्टरचं एक अक्षर त्यात नव्हतं. तिला सगळं कळत होतं हो, वेडी नव्हती ती. चाळीस पानं पाठवली आणि आठवड्यानं ती परत आली. वर सरांचा शेरा: "फार वरवरचं. हे काम तुम्ही स्वतः केलेलं दिसत नाही."

दिसत नाही!

एकोणीस वर्षं. बोटांची नखं गेली, कान गेला, लेकीचे वाढदिवस गेले, आणि हा पडद्यावरचा, हाताला कधी ग्रीस न लागलेला गृहस्थ म्हणतो दिसत नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नापास केलं असतं तर तिनं सोसलं असतं. पण इंजिनियरला म्हणावं, तुझं पुस्तक अपुरं आहे, आणि मग बघावं. त्याला झोप लागायची नाही. ही जात अशीच आहे. पुरी वस्तू हातून गेली नाही की यांचा जीव खालीवर होतो, मग ती वस्तू कुणाच्या हातात पडणार याचा विचार करायचं भान राहत नाही.

तिनं सगळं लिहिलं. वीज जाऊन आली की आधी दोन नंबर का चालू करायचा, तीन नंबर किती वेळानं, आणि तोवर कुठल्या पाइपवर हात ठेवून बघायचं. कुठला काटा थंडीत खोटं दाखवतो. कुठल्या खोलीचा दरवाजा लावल्यावर खांद्यानं एकदा रेटायचा. जे तिला ठाऊक नव्हतं, ते ती डॉक्टरला विचारायची. "काका, सहजच विचारते, हा वॉल्व्ह असा का बसवलाय?" आणि तो खुलायचा, सांगायचा, कुणी बसवला, कधी, त्या दिवशी कोण दारू पिऊन आला होता. ती मान डोलवायची आणि बाथरूममध्ये जाऊन कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून घ्यायची. बाथरूममध्ये! चुकीचं आहे हे माहीत नसतं, तर त्याच्यासमोरच लिहिलं असतं की तिनं.

एकशे सव्वीस पानं झाली. सरांनी पैकीच्या पैकी दिले. वर्गात नमुना म्हणून वाचून दाखवलं. प्रकल्पाच्या फॉर्मवर साहेबांची सही लागत होती आणि नियमाप्रमाणे एक प्रत कंपनीला द्यायची होती. तिनं स्पायरल बाइंडिंग करून, मुखपृष्ठावर स्वतःचं नाव ठळक अक्षरात छापून, स्वतःच्या हातानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं चाळली. चाळता चाळता ते खुर्चीत सरळ बसले.

"वा बाई," ते म्हणाले. "यात तर सगळंच आहे."

सर्टिफिकेट आलं. नवऱ्यानं दुकानाच्या भिंतीवरची सोनेरी चौकट लावून दिली. मग बाई वाट बघत बसली. आज बोलावतील, उद्या बोलावतील. वर काचेच्या खोलीत टेबलं आली, पडदे लागले, खुर्ची काही आली नाही. तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. या वेळी चहा नव्हता.

सगळं कंट्रोल आता मुख्य ऑफिसातून, दुसऱ्या शहरातून चालणार होतं. एक बाहेरची कंपनी ते बघणार होती. आधी असं ठरलं नव्हतं, साहेब म्हणाले, इथे जाणकार माणूस बसवावाच लागेल असं वाटत होतं. पण तुमचं पुस्तक पाहिल्यावर त्या लोकांनी सांगितलं की गरज नाही. मशीन रूममध्ये नऊ जण होते, आता दोन पुरतील, तेही बाहेरच्या कंपनीचे. डॉक्टरला महिनाअखेरीला घरी पाठवायचं, निवृत्तीला दोन वर्षं होती तरी. "आणि तुमची सोय केली आहे बरं का, बाई. गेटवर. गाड्यांचे पास बघायचे. बसून काम आहे, गुडघ्यांना बरं."

ती उठली, खुर्ची जागेवर सरकवली आणि बाहेर आली.

डॉक्टरला घरी जायचं कळलं, तेव्हा तो साहेबांना, कंपनीला, नशिबाला बोलला. बाईला बोलला नाही. उलट म्हणाला, "तुलाही फसवलंच की गं त्यांनी, पोरी." तिनं पुस्तकाचं तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं आणि तिनं गिळलं.

मग बाहेरच्या कंपनीचा माणूस आला. तिशीतला, नम्र, जीव लावून काम करणारा. हातात स्पायरलवालं पुस्तक. मशीन रूममध्ये सगळे उभे होते, बाईसुद्धा. तो एकेक पान वाचत मशीनपाशी जात होता, आणि दोन नंबरपाशी अडला. डॉक्टरकडे वळून अगदी आदरानं म्हणाला, "काका, इथे लिहिलंय की 'कफ झाल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब मशीन थांबवा.' कफ म्हणजे नेमका कसला आवाज हो?"

डॉक्टरनं पुस्तकाकडे बघितलं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात नाव होतं. मग त्यानं बाईकडे बघितलं. तिची मान खाली गेली. खोलीत तिन्ही मशीनं चालू होती म्हणून बरं, नाहीतर त्या शांततेत तिला उभं राहता आलं नसतं.

डॉक्टरनं त्या माणसाला उत्तर दिलं. घशातून आवाज काढून दाखवला, दोनदा.

त्यानंतर उरलेले दिवस तो बाईशी एक शब्द बोलला नाही. ती समोर आली की वाट सोडून उभा राहायचा, साहेबांसाठी राहतात तसा.

शेवटच्या दिवशी तो जॅकेटच्या खोलीत कपाट रिकामं करत होता. ती दारात जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं गेटवर बसून दहा वेळा जुळवलं होतं, त्यातलं एकही आठवेना.

"काका..."

"मॅडम, ते पुस्तक आणा," तो म्हणाला.

मॅडम. आणा. एकोणीस वर्षांत त्यानं तिला अहो-जाहो केलं नव्हतं. कानाखाली वाजवली असती तर बरं, असं तिला झालं.

तिनं पुस्तक आणलं. तो बाकावर बसला, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागला. त्याचं वाचन हळू. दीड तास गेला. ती उभीच होती. मध्येच एका ठिकाणी तो किंचित हसला, पण ते तिच्यासाठी नव्हतं. मग एका पानावर बोट थांबलं.

"हे चुकलंय."

मागच्या टाकीचा बंद करायचा वॉल्व्ह. जुना गेला तेव्हा घाईत दुसरीकडचा आणून बसवला होता. तो उलटा फिरतो. गॅस सुटला आणि कुणी नेहमीसारखा फिरवला, तर बंद व्हायच्या ऐवजी पुरा उघडेल. अमोनियानं भरलेल्या खोलीत माणसाला दुसऱ्यांदा विचार करायला वेळ मिळत नाही.

"हे तुम्ही मलासुद्धा कधी सांगितलं नाही," बाई म्हणाली.

"नाही सांगितलं. म्हटलं, एवढं एक तरी आपल्यापाशी असू दे."

तिनं खाली बसून त्याचा हात धरला. "काका, मग नका ना सांगू. हे कुणाला माहीत नाही. मी आज साहेबांना सांगते, टाकीचं काम डॉक्टरशिवाय कुणाला जमणार नाही म्हणून. त्यांना तुम्हाला ठेवून घ्यावंच लागेल. दोन वर्षं निघतील."

"आणि ते विचार करत बसतील तोवर गॅस सुटला तर? तो पुस्तकवाला माणूस मरेल. त्याला लहान मूल आहे." त्यानं हात सोडवून घेतला आणि शर्टच्या खिशातलं पेन काढून तिच्यासमोर धरलं. "लिहा."

तिनं लिहिलं. तो खांद्यावरून बघत होता. एक शब्द त्यानं खोडायला लावला, एक वाढवायला लावला, मग सबंध ओळ पुन्हा वाचून घेतली. पेन परत खिशाला लावलं आणि पिशवी उचलली.

"काका, मी घरी येऊ? रविवारी?"

"नका येऊ," डॉक्टर म्हणाला आणि गेला.

बाई ते पान घेऊन वर गेली. साहेबांनी वाचलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "बरं झालं, वेळेत लक्षात आलं. नीट टाइप करून द्या, संध्याकाळच्या आत."

गेटवरच्या कॉम्प्युटरवर बसून तिनं ते टाइप केलं. चार वाजता नेऊन दिलं.