कुंकवाच्या माथी मारलेला आलेख

सम्यक राहतो घोडपदेवला, चाळीत. माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात तो पीएच.डी. करतो, माझ्या शेजारच्याच टेबलावर. हा नेमकं करतो काय, ते चाळीत कोणालाच कळलेलं नाही. त्याची आई बकुळाताई विचारणाऱ्याला सांगते, "काचेवर लाईट मारतो." तसं ते खोटं नाही.

त्या काचेवर सिलिकॉनचे अतिशय बारीक कण असतात. त्यांच्यावर लेझर सोडायचा आणि किती प्रकाश विखुरतो ते मोजायचं. लेझर दुप्पट केला की विखुरलेला प्रकाशही दुप्पट व्हावा, म्हणजे आलेख सरळ चढावा. सम्यकचा आलेख वर जाऊन वाकला. लेझरमुळे कण तापतो आणि तापलेलं सिलिकॉन प्रकाशाशी वेगळं वागतं, असं त्याचं म्हणणं.

"कुंकू पडलं असेल लेन्सवर," आमचे गाईड अभय सर म्हणाले. "पुसायला नको नीट?"

वा! कुंकू लावलं कोणी? खंडेनवमीला सरांनीच यंत्रांची पूजा केली, लेझरला झेंडूचा हार घातला आणि लेन्सवर कुंकवाचं बोट लावलं. "सर, लेन्सला नको," एवढंच सम्यक म्हणाला होता. त्यावर सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हा लोकांना सगळ्याचंच वावडं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओलिव्हिया, मीही पूजेत नव्हते. मला कोणी अवाक्षर बोललं नाही.

सम्यकने नवी लेन्स बसवून पुन्हा मोजलं. आलेख पुन्हा वाकला, आणि लेझर कमी करत आणल्यावर त्याच वाटेने खाली आला. कुंकू जळून डाग पडला असता तर आलेख असा मागे आला असता का? सरांनी बघायचीही तसदी घेतली नाही.

"वरचे पॉइंट्स काढ आणि सरळ रेष मार," ते म्हणाले. "नाहीतर कमिटीसमोर तुझं तू बघ."

सम्यकने कमिटीला वाकलेलाच आलेख दाखवला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खुश झाल्या. "कण तापल्यामुळे ना? सुंदर काम आहे!"

लगेच सर उठले. "मी पहिल्यापासून त्याला हेच सांगत होतो."

माणसाने किती निर्लज्ज असावं!

"नाही सर," सम्यक म्हणाला. "तुम्ही हे पॉइंट्स काढायला सांगितले होते."

कमिटीतले बाकीचे उठायला लागले. परीक्षक बाईंनीही कागद आवरले. पुढच्याच आठवड्यात सरांनी त्याचं गाईडपण सोडलं, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. त्याचं गाईड व्हायचं म्हटल्यावर बाकीच्या प्राध्यापकांना अचानक कामं निघाली. सगळे एका माळेचे मणी! चार वर्षांची मेहनत कुलपात पडून आहे आणि हा रोज कॉलेजात येऊन वाचनालयात बसतो.

"जरा गप्प राहिला असतास तर काय बिघडलं असतं रे?" काल कँटीनमध्ये मी त्याच्यावरच भडकले.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"गप्पच बसायचं होतं, तर सरळ रेषच मारली असती ना."