सीटखालचा लाल दिवा

इचोड्याला हमरस्त्यालगत, डिझेल पंपाच्या अलीकडे डोमाजीचं पत्र्याचं दुकान होतं. आत वायरींची वेटोळी, बाहेर एक लाकडी बाक. १९८३ पासून तो येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकांना दिवे, हॉर्न आणि टेप बसवून देत असे. घरची शेती ज्वारी-कपाशीची; ती थोरल्या भावाने सांभाळली. डोमाजी सातवीनंतर नागपुरात एका वायरमनच्या हाताखाली राहिला आणि परतला तो हे काम घेऊन.

ट्रकवाल्यांना टेप डायरेक्ट लागतो. म्हणजे त्याची वायर चावीवरून न घेता सरळ बॅटरीला जोडायची. ड्रायव्हर ढाब्यापुढे गाडी बंद करून केबिनमध्ये आडवा होतो, चावी त्याच्या कमरेला असते, आणि गाणं चालू राहावं लागतं. ट्रकच्या दोन मोठ्या बॅटऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. दहा वर्षांत डोमाजीच्या हाताला हीच एक रीत राहिली होती.

१९९३ च्या उन्हाळ्यात जैनथचे भगवंतराव त्याच्याकडे जुनी मॅटाडोर घेऊन आले. त्यांचं किराणा दुकान होतं, हंगामात कापसाची खरेदीही. अकरा माणसांच्या घरासाठी ही गाडी त्यांनी चंद्रपूरहून जुनीच घेतली होती. चालवायचा धाकटा भाऊ महिपत, आणि टेपचा हट्टही त्याचाच. डोमाजीने दुपारभरात काम उरकलं. टेप समोर बसवला, दोन स्पीकर मागे, आणि आवाज वाढवणारा बूस्टर ड्रायव्हरच्या सीटखाली. सगळं डायरेक्ट.

बूस्टरला स्वतःचं बटण होतं आणि एक लाल दिवा. टेप बंद केला तरी बूस्टर चालूच राहायचा. तो वेगळा बंद करावा लागे. ट्रकमध्ये तो दिवा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे हे कुणाला सांगावं लागत नाही. डोमाजीने महिपतलाही सांगितलं नाही.

कोजागिरीच्या चार दिवस आधी भगवंतराव पुन्हा आले. एकटेच, स्वतः गाडी चालवत. तक्रार अशी की टेप लावला की त्यात शीळ वाजते आणि इंजिनाचा वेग वाढला की शीळही चढते. डोमाजीने इंजिन चालू ठेवून ऐकलं, मग गाडी बंद करायला लावली. शीळ कशाची हे त्याला बऱ्यापैकी ठाऊक होतं: बॉडीला जोडलेल्या वायरीखाली गंज धरला असणार. ती वायर सीटखाली होती. भगवंतरावांनी चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बाकावर बसले. डोमाजीने गुडघे टेकून सीटखाली हात घातला आणि सहज विचारलं, महिपतराव कुठं?

त्याच्या हातात आता चावी देत नाही, असं म्हणून भगवंतरावांनी हकीकत सांगितली. पोळ्यानंतर पावसाची झड लागली होती. गाडी चार दिवस अंगणात उभी. पाचव्या दिवशी पहाटे वांकिडीहून निरोप आला की आईचा, प्रयागबाईंचा, एकुलता भाऊ रामाजी शेवटच्या घटका मोजतो आहे. महिपत गाडीत बसला. स्टार्टर नुसता खटकन वाजला. ढकलून पाहिलं, पण काळ्या मातीत चाकं रुतलेली. म्हातारी बस बदलत बदलत वांकिडीला पोचली तेव्हा माती उरकून लोक आंघोळीला गेले होते. उभ्या गाडीत बसून टेप ऐकायची महिपतची सवय घरात सर्वांना माहीत होती. मी टेप बंद केला होता, असं तो सांगत राहिला. तेव्हापासून आई त्याच्याशी बोलत नाही.

भगवंतराव हे सांगत होते तेव्हा डोमाजीचा तळवा बूस्टरवर होता. तो कोमट होता. टेप बंद होता, चावी मालकाच्या खिशात होती, आणि बूस्टर कोमट होता. आत लाल दिवा जळत होता.

उन्हाळ्यात गाडी रोज धावायची, बॅटरी भरत राहायची. चार दिवस उभी राहिल्यावर बूस्टरने ती पिऊन टाकली. महिपत खरं बोलत होता.

डोमाजीने गंज खरवडला, वायर आवळली. नंतर दोन्ही डायरेक्ट वायरी सोडून चावीच्या लाइनीला जोडल्या. दहा मिनिटांचं काम. इंजिन चालू केलं, शीळ गेली होती. भगवंतराव खूश झाले. निघताना डोमाजी त्यांना म्हणाला, "बॅटरीचं पानी पाहत जा, भगवंतराव. पानी सुकलं का गाडी अशी बंद पडते."

हे वाक्य त्याला पुढे छळत राहिलं. ट्रकवाला डायरेक्ट म्हणाला की हात थांबायचा. घरी जेवण झालं की तो बायकोला, सोनाबाईला, तीच हकीकत पुन्हा सांगायचा. भगवंतरावांचं गिऱ्हाईक जाईल याची भीती त्याला नव्हती. म्हातारीपुढे उभं राहायची होती. सोनाबाईने दीड महिना ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मले कितीक डाव सांगता? ढकलत ढकलत मी नेऊ का तुमाले जैनथले?"

डिसेंबरात एका रविवारी तो गेला. भगवंतरावांना बाजूला घेऊन सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, पण ते कापसाच्या ट्रकसोबत आदिलाबादला गेले होते. ओसरीत प्रयागबाई तूर पाखडत होत्या. महिपत खांबाजवळ पोती शिवत होता. दोघांत चार हातांचं अंतर.

डोमाजी बसलाच नाही. "माय," तो म्हणाला, "त्या दिवशी गाडी माह्या वायरीनं बंद पडली. महिपतरावानं टेप बंदच केलता."

प्रयागबाईंचं सूप थांबलं. त्यांनी वायरीबद्दल काही विचारलं नाही.

"तुले कवा समजलं?"

"कोजागिरीच्या आंधी."

"अन् आज आला."

शिव्या बसतील, असं तो बसमध्ये धरून चालला होता. बसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. प्रयागबाई सुपातल्या तुरीकडे पाहत हळू म्हणाल्या, "यानं मले तवाच सांगतलं होतं. देवाची आन घेऊन. मीच नाई आयकलं."

आपलं ओझं उतरवायला आलो आणि ते सत्तरीच्या बाईच्या डोक्यावर ठेवलं, हे डोमाजीला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. ते परत उचलून घेण्याची सोय नव्हती.

प्रयागबाईंनी मान वर केली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा धाकट्या मुलाशी बोलल्या. "चावी खुटीले हाय. याले स्टँडवर सोडून ये."

महिपतने दाभण पोत्यात खोचून ठेवलं, चावी घेतली. स्टँडवर त्याने इंजिन बंद केलं, चावी काढून मुठीत धरली आणि टेपचं बटण दाबलं. टेप वाजला नाही. मग वाकून त्याने सीटखाली हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"थंड हाय," तो म्हणाला. "दीड महिन्यापासून हे थंड हाय, अन् तुमी गप."

आदिलाबादची बस लागली होती. डोमाजी उतरला, बसमध्ये चढला आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर बसला. तिथून गाडी दिसत नव्हती.