बाप्तिस्म्याला वाचलेला दफनविधी

“पाळकसाहेब, रक्त चांगलं आहे, छातीचा फोटो स्वच्छ आहे, थुंकीतही काही निघालं नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला न्यूरॅस्थेनिया झालाय.”

न्यूरॅस्थेनिया म्हणजे मज्जातंतूंचा थकवा. डॉक्टरांनी मला एवढंच समजावलं. पाळकाचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या कुणालाही हा आजार गाठू शकतो, म्हणून सेवकबंधूंनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. यात ताप नाही, खोकला नाही, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नाही. त्यापेक्षा क्षय निघाला असता तर बरं, असं त्या घटकेला मनात आलं. निदान मंडळीला सांगायला काहीतरी झालं असतं.

मी तेरच्या बाजूच्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत एकोणीस वर्षं पाळक आहे. लढाईचे दिवस होते, क्विनाइन मिळत नव्हतं. त्या साली आधी पटकी आली आणि तिच्या मागोमाग हिवताप. नाताळापर्यंत मी सतरा माणसं पुरली, त्यातली आठ लेकरं. प्रत्येक घरी बसलो, प्रत्येक घरी प्रार्थना केली.

पहिलं लक्षण तेव्हाच दिसलं होतं. सकाळी गुडघे टेकले की समोर फक्त भिंत दिसायची. आतून एक शब्द येत नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण दर रविवारी पोहरा सोडणं भाग होतं. मी जुनी प्रवचनं काढून वाचू लागलो. एका वडीलधाऱ्या सभासदानं तर “आज लई गोड बोललाव” म्हणून पाठ थोपटली.

नाताळानंतर सुवार्ताबाईच्या मुलाचा बाप्तिस्मा होता. तिची आधीची दोन लेकरं त्याच साली माझ्याच हातानं मातीत गेली होती. मी ओंजळीत पाणी घेतलं, सवयीनं उघडलेल्या विधीच्या पुस्तकातल्या पानाकडे पाहिलं आणि वाचू लागलो, “मातीला माती, राखेला राख...”

मला कळलंच नाही. दुसरी ओळ वाचत होतो तेव्हा तिनं लेकरू छातीशी आवळलं आणि किंचाळली, “पाळक, जित्तं हाय माझं लेकरू!”

हातातलं पाणी पायावर सांडलं. त्या दिवशी त्या मुलाचा बाप्तिस्मा झाला नाही.

दुसऱ्याच दिवशी बायकोनं मला छोट्या रेल्वेगाडीत बसवून निजामी मोगलाईच्या हद्दीपलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. तीन दिवस व्हरांड्यात बाकावर बसून तपासण्या झाल्या. निदान तुम्हाला सांगितलंच आहे. मला तिथंच ठेवून घेतलं आणि औषध म्हणून ब्रोमाइड दिलं. ते मेंदू शांत करतं, म्हणजे माणूस सुन्न होतो. मी आधीच सुन्न होतो.

मंडळीतली माणसं भेटायला यायची. माझा हात धरून बसायची, डोळे पुसायची आणि उठताना म्हणायची, “आमी आलावच हाव, तर एक प्रार्थना करा की आमच्यासाठी.” मी पडल्या पडल्या करायचो. ती गावात जाऊन सांगायची की पाळक बरे आहेत, प्रार्थना अगदी पहिल्यासारखी करतात. राग यायचा, मग रागाची लाज वाटायची. एकोणीस वर्षांत पाळकाला प्रार्थना लागत असेल हे त्यांना मी तरी कुठे शिकवलं होतं?

एवढ्यात शिमोनअण्णा आले. ते मुरुमचे पाळक, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. सुवार्ताबाईचं माहेर मुरुमचं. तिनं मूल तिकडे नेऊन अण्णांच्या हातून बाप्तिस्मा करून घेतला होता. तिच्याकडून ऐकून अण्णा तसेच निघाले होते.

त्यांनी बायबल उघडलं नाही. खाटेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, “दाविदराव, सा वरसं झाली, म्या नुसतं व्हट हलवतुया. आत काय बी न्हाय.”

सहा वर्षं! महिन्याच्या सेवकसभेत आम्ही एकाच सतरंजीवर शेजारी बसत होतो. प्रत्येकानं उठून “प्रभूच्या कृपेनं सर्व कुशल” म्हणायचं आणि बसायचं, ही तिथली रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. अण्णा म्हणायचे, मी म्हणायचो. त्यांचं ऐकून मला आनंद झाला. दुसऱ्याच्या दुःखानं झालेला तो आनंद पाप असेल, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

ते दर पंधरवड्याला यायचे. आम्ही दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसायचो, जोंधळ्याच्या भावाबद्दल बोलायचो. डॉक्टर म्हणाले, “माझ्या बाटलीपेक्षा या माणसाचा गुण जास्त आहे. यांना सोडू नका.”

मी घरी आलो त्याच्या दुसऱ्या महिन्यात अण्णा उपासनेला निघताना उंबऱ्यात कोसळले. हृदय बंद पडलं. त्यांच्या घरच्यांनी मला दफनविधीसाठी बोलावलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “तुमीच वाचा. तुमच्याकडं जायाचं म्हणलं की त्येंचा चेहरा फुलायचा.”

तेच पुस्तक, तेच पान. मातीला माती. एक शब्द चुकला नाही. लोक रडत होते. नंतर चौघांनी येऊन सांगितलं, पाळक आता पुरते बरे झाले. मी मान हलवली. अण्णा गेले त्या दिवशी बोलायला माझं एकच माणूस होतं आणि ते मी पुरून आलो होतो.

पुढच्या सभेत माझी पाळी आली. मी उठलो आणि म्हणालो, “मी कुशल नाही. मला प्रार्थना येत नाही.” अण्णांचं नाव मी घेतलं नाही. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि गीताचा क्रमांक सांगितला. सगळे उभे राहून गायले, आणि चांगलं गायले.

माझी प्रार्थना अजून परत आलेली नाही. येईल असंही आता वाटत नाही. रविवारी मी ओठ हलवतो. सुवार्ताबाईचं मूल चालायला लागलं आहे. मला पाहिलं की ती त्याला पदराआड घेते, आणि तिचं काही चुकत नाही.

तरी उपकार मानायचे तर शिमोनअण्णांचे मानतो. आपली उघडी मूठ घेऊन ते माझ्यापर्यंत आले. सभेत मी अजून त्याच सतरंजीवर बसतो, डावीकडे खिडकीपाशी. तुमच्यातलं कुणी नुसतेच ओठ हलवत असेल तर माझ्या शेजारी येऊन बसा. मी काही विचारणार नाही, प्रार्थना तर मुळीच करणार नाही. चार सभा झाल्या, जागा रिकामीच आहे.