अर्धा रस्ता धानाचा

सकाळी साडेसहाला सायकल खांद्यावर घेऊन मी भंडाऱ्याच्या लॉजचा जिना उतरलो, तेव्हा मॅनेजर काउंटरमागे दात घासत होता. ब्रश तोंडातून काढून त्याने विचारलं, "पवनीले जाता? काहून, एस्टी बंद हाय का आज?"

एस्टी चालू आहे, मीच हौसेने सायकलवर निघालो आहे, असं मी सांगितलं. त्याने माझ्या हेल्मेटपासून चकाकत्या बुटांपर्यंत सावकाश नजर फिरवली आणि अगदी हळुवारपणे म्हणाला, "घरी सांगून आले नं?"

घरी सांगून आलो होतोच. उलट घरच्यांनी आनंदाने निरोप दिला होता. माझं नाशिकला चष्म्याचं दुकान आहे आणि फावल्या वेळात मी मोटारवाल्यांशी लढतो. आमच्या सायकल मंडळात 'मोटारीला तसूभरही रस्ता देणार नाही' हा ठराव मीच मांडला होता. तो एकमताने मंजूर झाला, कारण त्या दिवशी सभेला मी एकटाच हजर होतो. गैरहजर सभासदांना शरम वाटावी म्हणून मी जाहीर केलं होतं की, भंडाऱ्याहून पवनीपर्यंत सायकल हाणीन, कुणाच्याही हॉर्नला भीक घालणार नाही आणि दुपारी बाराच्या आत पवनीच्या जुन्या दरवाजाखालून फोटो पाठवीन.

निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की मी ते दोन वेळा हाताने बाजूला सारलं. उजाडू लागलं तशा रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी झालेल्या बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) दिसू लागल्या. मधूनच एखादी बोडी (लहान तळं), तिच्यात एका पायावर उभा बगळा आणि काठावर तितक्याच चिकाटीने बसलेला गळवाला. थंडी बोचरी होती, रस्ता गुळगुळीत होता आणि पहिले दहा किलोमीटर मला वाटलं, हा जिल्हा माझ्यासाठीच बांधलेला आहे.

मग वाहतूक जागी झाली. पहिली एस्टी इतक्या जवळून गेली की कंडक्टरने ठरवलं असतं तर मला तिकीट फाडून देता आलं असतं. पुढच्या ट्रकने माझ्या उजव्या मिशीचा पीळ सोडवला. ही अतिशयोक्ती वाटत असेल तर मिशी तपासायला दुकानात यावं, ती अजून डावीपेक्षा सरळ आहे. मी मात्र कडेला सरकलो नाही. प्रत्येक हॉर्नला मान न वळवता एक हात वर केला. तो आशीर्वाद होता की दुसरं काही, हे मी मोटारवाल्यांच्या संस्कारांवर सोडलं होतं.

पहेला नावाच्या गावात पोह्यांच्या टपरीवर थांबलो. तर्री घातलेले पोहे खाताना डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्मा धुऊन निघाला. टपरीवाला माझी सायकल एका बोटाने उचलून पाहत होता.

"मोटारवाले फार माजले आहेत हो तुमच्याकडे," मी म्हणालो.

"त्याईचं सोडा. तुमी समोर गेले का धानाकडं पाहून चालवजा."

"धानाकडं?"

"लोकाईनं रस्त्यावर वाळू घातलं असन. माणसाले धक्का लागला तं च्या पाजून मिटते. धानावर चाक गेलं तं नाही मिटत."

मी हसलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्याला रस्त्यावरचं धान दाखवायला टपरीवाला लागतो की काय, असं मनात आलं. तर्रीची दुसरी वाटी मागितली आणि निघालो.

अड्याळ मागे टाकलं आणि रस्ता खरोखरच अर्धा झाला. डाव्या अर्ध्या भागावर धानाची सोनेरी पट्टी पसरलेली होती, हातभर अंतरावर एकेक दगड ठेवून हद्द आखलेली, टोकाला पळसाची फांदी रोवलेली. एक संपली की दुसऱ्या घराची सुरू. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून येणारे आणि जाणारे असे दोघेही चालले होते, आणि गंमत म्हणजे मला गटारात लोटू पाहणारे हेच ट्रकवाले त्या दगडांपाशी येताच नव्या नवरीसारखे पावलं मोजत जात होते. माणसाला न मिळणारा मान धानाला मिळताना पाहून मला धानाचा हेवा वाटला.

कोंढा दोनेक किलोमीटर राहिलं असेल. मागून हॉर्न आला. वळून पाहिलं तर पांढरी मोटार, नवी कोरी, पुढे झेंडूचा हार, आतल्या सीटांवर प्लास्टिक तसंच. डावीकडे धान, उजवीकडे समोरून येणारी वाहनं आणि मधोमध मी. मोटारीने पुन्हा हॉर्न दिला. मी आशीर्वाद दिला. पुढचा सबंध किलोमीटर आमची मिरवणूक अशीच निघाली: पुढे मी, मागे हार घातलेली मोटार आणि वाजंत्री तिची तिचीच.

समोरून तणसाने (भाताच्या पेंढ्याने) भरलेला ट्रॅक्टर आला. तणस इतकं बाहेर आलेलं की ट्रॅक्टर रस्त्यापेक्षा रुंद होता. मोटार माझ्या मागच्या चाकाला टेकली असं मला वाटलं, निदान तिच्या हारातला झेंडू माझ्या पाठीला लागला. ठराव विसरून मी हँडल डावीकडे मारलं.

धानात सायकल चालवून पाहावी. बोट चालते तशी ती दहा-बारा हात छान चालली, दोन्ही बाजूंना लाटा उडाल्या, मग ती थांबली आणि मी एकटाच पुढे गेलो. तोंडात धान, कानात धान. मागे वळून पाहिलं तर मोटारीची डावी दोन्ही चाकंही दगड ओलांडून धानात शिरलेली.

रस्त्याकडेच्या पळसाच्या झाडाखाली बसलेली एक बाई उठली. साठीची, काष्टा घातलेली, हातात सूप. तिने आधी माझ्याकडे पाहिलं नाही, मोटारीकडेही नाही. वाकून चाकाखालचं मूठभर धान उचललं, तळव्यावर चोळलं आणि म्हणाली, "हे चाक कोणाचं?"

मोटारीतून उतरलेला तिशीचा तरुण इस्त्रीच्या शर्टावरची धूळ झटकत होता. "माझं, मावशी. पण चुकी या सायकलवाल्याची हाय. मधातून चालवून राहिले हे."

"अना हे सारं धान कोणं उधळलं?"

"मी," मी म्हणालो. "पण याने ढकललं."

बाईने तरुणाचं तोंड न्याहाळलं. "तू कोंढ्याच्या यादोरावचा जावई नोहे का? तुमसरचा?"

त्याचा चेहरा पडला. "हो."

"तुझी सासू मले वयनी म्हणते." एवढं बोलून तिने सूप मोटारीच्या बॉनेटवर ठेवलं आणि मोटारीपुढे पोतं अंथरून त्यावर बसली. "आता ऐका दोघंही. आमचा बुढा बारदाना (रिकामी पोती) आणाले गेला हाय. चार वाजता कोंढ्याच्या खरेदी केंद्रावर आमचा नंबर हाय. मागच्या खेपेले तिथल्या माणसानं ओलाव्याची मशीन लावली अना म्हणलं, ओलं हाय, घरी न्या. आज परत आलं तं मंग नंबर कवा लागन, देवाले ठाव. अना तिकडं आभाळ पाहा."

आम्ही पाहिलं. पश्चिमेला ढग चढत होते.

"सकाळपासून पसरवलेलं तुमी दोघाईनं एका जागी गोळा करून देल्लं. अर्धं गवतात गेलं. जोडे काढा."

"मावशी, सासरी जेवण थांबलं हाय," जावईबापू म्हणाले. "गाडी घेतल्यावर पहिल्यांदा चाल्लो."

"थांबू दे. जावयाचे पाय धुतेतच लोकं. आज धुवाले काई तरी राहीन."

या पारबताबाई. त्यांच्यापुढे बोलण्यात अर्थ नाही, हे जावईबापूंना माझ्याआधी कळलं, कारण सासू त्यांची होती. त्यांनी मोजे काढून खिशात घातले. मी माझे चकाकते बूट काढले. गवतात उडालेलं धान आम्ही गुडघ्यांवर बसून वेचलं, बाईंनी ते पाखडलं आणि मग आम्हाला पाय द्यायला लावलं. पाय देणं म्हणजे अनवाणी पाय न उचलता धानातून घासत चालायचं, म्हणजे खालचं ओलं वर येतं आणि धानात सऱ्या पडतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, पहिल्या सरीला लागून दुसरी.

पहिल्या चार फेऱ्या आम्ही एकमेकांकडे न पाहता मारल्या. पाचवीत जावईबापू म्हणाले, "तुमी लोक कडेनं काहून नाही चालवत?"

"कडेला धान आहे. त्याच्या कडेला खड्डा आहे. मी कुठून चालवू?"

"मंग मी कोठून जाऊ?"

मी म्हणालो, "तुमची सरी वाकडी आहे."

"माही वाकडी? तुमची पाहा, सापासारखी."

"दोघांच्याही वाकड्या," बाई पळसाखालून म्हणाल्या. "म्हणूनच धानात आले."

दीडच्या सुमाराला एक मोटारसायकल भरधाव आली. तिच्यावर तिघे होते, चाक दगडाला घासून गेलं आणि चार दाणे उडाले. चारच. पण जावईबापू आणि मी एकदम हात उंचावून धावलो, एकाच वेळी, एकाच सुरात. मोटारसायकलवाल्यांच्या घराण्याबद्दल जावईबापूंनी जे उच्चारलं ते इथे छापता येणार नाही. मी फक्त 'तसेच' म्हणत गेलो. परत आल्यावर आम्हाला जरा संकोच वाटला. बाईंनी आम्हाला तांदळाची भाकर आणि वांग्यातले सुके झिंगे (गोड्या पाण्यातली लहान कोळंबी) दिले. एकाच थाळीत. ती भाजी खाऊन मी पवनीचा दरवाजा विसरलो.

अडीचला पहिले थेंब पडले. बाई सूप घेऊन धावल्या. आम्ही फावड्याने, सुपाने, हातांनी धान ओढून ढीग केला. झाकायला एक फाटकी ताडपत्री होती, तीही अर्ध्यालाच पुरणारी. जावईबापू क्षणभर ढिगाकडे आणि क्षणभर मोटारीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी डिकी उघडली आणि घडी न मोडलेलं चंदेरी कव्हर काढलं. दुकानदाराने मोटारीबरोबर दिलेलं, एकदाही न घातलेलं. ते ढिगावर पडलं. त्याची चार टोकं आम्ही अंगाने दाबून धरली. एका टोकावर मी पालथा पडलो होतो आणि पाऊस माझ्या दोनशे ग्रॅमच्या हेल्मेटवर वाजत होता.

पाऊस दहा मिनिटं आला. माझ्या आठवणीत तो सात दिवस पडला आहे.

तो थांबता थांबता बाईंचा नवरा, सोमाजी, सायकलवर बारदाना लादून आला. हडकुळा, काळी जुनी सायकल, मागे दारासारखं रुंद कॅरिअर. त्याने बातमी आणली की पोती न्यायला सांगितलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन पडला आहे. घड्याळात तीन वाजून गेले होते.

पोती भरली, अकरा झाली. कुणी काही बोलायच्या आत जावईबापूंनी मागची सीट पाडली आणि पहिलं पोतं स्वतः उचललं. प्लास्टिक टराटरा फाटलं. तीन खेपांत नऊ पोती गेली. उरली दोन.

सोमाजीने माझ्या सायकलभोवती एक चक्कर मारली. "याले कॅरिअर कोठी हाय?"

"नसतं याला."

"मंग हे कायच्या कामाची?"

मी ती पळसाला टेकवून ठेवली. तशीही ती मोडलीच होती, गिअरमध्ये पावशेर धान गेलं होतं. दोन्ही पोती सोमाजीच्या सायकलवर चढली. तो हँडल धरून पुढे, मी मागून ढकलत. कोंढ्यापर्यंत आम्ही रस्त्याच्या मधोमध चाललो. मागून पांढरी मोटार येत होती, पुढच्या सीटवर बाई. मोटारीला जागा होती, वेळ नव्हता, तरी तिने आम्हाला ओलांडलं नाही आणि हॉर्नही दिला नाही. सायकलवर धान होतं.

केंद्रावर चारला पाच मिनिटं होती. तिथल्या माणसाने एका पोत्यात पोकळ सुई खुपसली, निघालेले दाणे मशीनमध्ये टाकले आणि आकड्याची काच डोळ्यांजवळ नेली. पारबताबाईंनी पदर दाताखाली धरला होता. जावईबापूंनी माझा दंड धरला होता. त्या माणसाला आकडा काही दिसेना. शेवटी मी माझा चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला.

"चालते," तो म्हणाला. "घ्या काट्यावर."

बाईंनी पदर सोडला आणि म्हणाल्या, "पाय चांगले देले पोराईनं." मला चोपन्नावं लागलं आहे.

ती रात्र मी यादोरावांच्या घरी काढली. जावयाबरोबर माझेही पाय धुतले गेले. पाण्यात धान इतकं निघालं की सासूबाईंनी ते कोंबड्यांना टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोडकी सायकल सोमाजीच्या दोराने मोटारीच्या टपावर बांधली आणि जावईबापू मला भंडाऱ्याच्या स्टेशनवर सोडायला निघाले. पवनीचा दरवाजा मी पाहिला नाही. मंडळात मात्र त्याचं वर्णन करणार आहे, आणि त्याला सात कमानी असतील.

कोंढ्याच्या बाहेर आलो. ऊन स्वच्छ होतं, रस्त्याच्या अर्ध्या भागावर पुन्हा कुणाकुणाचं धान पसरलं होतं. पुढे, उरलेल्या अर्ध्याच्या अगदी मधोमध, एक सायकल चालली होती. ना कडेला सरकत होती, ना मागे पाहत होती. आम्ही तिच्या मागे अर्धा किलोमीटर गेलो. माझी गाडी दहा पंचेचाळीसची होती. जावईबापू शांतपणे स्टिअरिंग धरून बसले होते.

हॉर्न मी दिला. बाजूच्या सीटवरून वाकून, चांगला लांब.

सायकलवाल्याने मान न वळवता एक हात वर केला. मागे कॅरिअर दारासारखं रुंद होतं.